गिधाडकड्यावरची बाईजा

मुरबाड तालुक्याच्या उगवतीला सह्याद्रीची भिंत आहे. त्या भिंतीतून जे डोंगर पुढे सरकलेत, त्यांतल्या एकाच्या माथ्यावर कुसळवाडी वसलेली आहे. वीस-बावीस घरं. उतारावर नाचणी-वरी आणि खालच्या खाचरांत थोडं भात, यावरच सगळ्यांचं चालतं. वाडीपासून हाकेच्या अंतरावर डोंगर एकदम तुटतो. त्या तुटक्या कडेला वाडीतली माणसं गिधाडकडा म्हणायची, कारण तिथल्या कपारींत गिधाडं बसलेली असत. पुढं गिधाडं दिसेनाशी झाली आणि त्यांच्या जागी शहरातली माणसं येऊ लागली.

बाईजा या वाडीत लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती. तिचा नवरा नवशा. बुटका, काटक, दोराला लोंबकळून कड्यावरची आग्या मोहोळं उतरवण्यात आसपासच्या चार वाड्यांत त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. त्याला एकच वाईट खोड होती, ती बोलण्याची. वाडीत त्याचं ऐकायला कुणी थांबत नसे. म्हणून ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास पाठीवर पिशव्या घेतलेली शहरी माणसं डोंगर चढून यायला लागली, तेव्हा सगळ्यांत आनंद झाला तो नवशाला. ती माणसं थांबायची, ऐकायची, मध्ये मध्ये प्रश्नही विचारायची.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "सूर्यास्त कुठून चांगला दिसतो?"

नवशाला आधी हसू यायचं. सूर्य मावळायला लागला की गुरं आणायची, चूल पेटवायची. तो उभं राहून बघायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण विचारलंय म्हणून तो त्यांना कड्यावर न्यायचा. चार-सहा वेळा नेल्यावर तो स्वतःही बघायला लागला. मग एका संध्याकाळी बाईजा मोळी घेऊन येत होती, तिला त्यानं वाटेतच अडवलं.

"चल गो, बघ तरी काय बघतात ती."

"मोळी हाय डोक्यावर."

"असू दे की डोक्यावर. बघायला डोळं लागतात."

ती मोळीसकट कड्यावर जाऊन उभी राहिली. समोर मुरबाडचं सगळं रान खाली पसरलेलं, मधून नदीची वळणं, लांब बारवीचं पाणी तांब्याच्या परातीसारखं लकाकत होतं. उजव्या अंगाला खूप दूर माहुलीचे सुळके काळे झाले होते. सूर्य पाण्याच्या पलीकडं गेला तेव्हा नवशा म्हणाला, "रोज जातो, पन रोज निराळा जातो." बाईजाची मान दुखत होती. ती म्हणाली, "झालं ना? चला आता." त्या दोघांनी मिळून पाहिलेला सूर्यास्त तो एवढाच.

शहाण्णवच्या कार्तिकात, नाचणी खळ्यावर आली होती तेव्हा, पाचजण आले. तीन बापये, दोन बाया. बाईजाच्या अंगणात बसून पाणी प्याले, काकड्या खाल्ल्या. उन्हं कलल्यावर नवशा त्यांना घेऊन गेला. बाईजा खळ्यावर नाचणी पाखडत होती. सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता, तेवढ्यात तिला ती माणसं परत येताना दिसली. ती घाईनं चालत होती आणि त्यांच्यात नवशा नव्हता. एक बाई रडत होती. पुढच्या माणसाच्या खांद्याला कॅमेऱ्याची काळी पिशवी होती आणि तिला लाल माती लागलेली होती.

"मावशी, तुमच्या माणसाला लागलंय," तो म्हणाला. "पडलाय तो. आम्ही खाली जाऊन मदत घेऊन येतो."

"कुठं पडला?"

त्यानं नुसता कड्याकडं हात केला. रडणारी बाई थांबून काही सांगायला लागली. "पिशवी घसरून खाली कपारीत पडली होती. ते म्हणाले मी आणतो. आम्ही नको म्हणालो होतो. पिशवी वर दिली त्यांनी, आणि मग वर येताना..." दुसऱ्या बाईनं तिला दंडाला धरून ओढलं. पाचहीजण खाली उतरून गेले. पायथ्याच्या गावात त्यांची जीप उभी होती. मदत आली नाही. जीपही परत कधी दिसली नाही.

कपार तीन माणसांच्या उंचीइतकी खाली होती. तिथं नवशा दोराशिवायही शेकडो वेळा गेला होता. पण कार्तिकात गवत वाळून गुळगुळीत होतं आणि मावळतीचं ऊन नेमकं मान वळवून खाली पाय ठेवायची जागा बघणाऱ्याच्या डोळ्यांत येतं. वाडीतल्या माणसांनी खालच्या जंगलातून वळसा घालून त्याला वर आणलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी.

हवालदार आला, पोलीस पाटील धोंडी त्याच्याबरोबर होता. हवालदारानं कागद मांडीवर घेतला आणि विचारलं, "मयताचं नाव?" बाईजा गप्प राहिली. नवऱ्याचं नाव तिनं आजवर तोंडातून काढलं नव्हतं. धोंडीनंच ते सांगितलं.

"पावन्यांची पिशवी काढायला गेला होता," बाईजा म्हणाली.

"कोण पावणे? नावं?" हवालदारानं विचारलं. "गाडीचा नंबर?"

तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. धोंडी तिला बाजूला घेऊन गेला. "बाईजा, ऐक माझं. पावन्यांचं लिव्हलं की चौकशी लागंल. मयत तालुक्याला, तिथून ठाण्याला. तू दोन पोरं घेऊन कुठं कुठं फिरशील? नवशा मध काढायचा हे सगळ्यांना ठाऊक हाय. मध काढताना पाय घसरला म्हनू. आजच्या आज माती होईल."

मोठी सोनाली अकरा वर्षांची, पंकज आठ वर्षांचा. दोघं बापाच्या पायाशी बसली होती. बाईजानं अंगठा पुढं केला. धोंडीनं त्याला शाई लावली. कागदावर मध लिहिला गेला.

त्या दिवसानंतर ती कड्यावर गेली नाही. अकरा वर्षं. डोळ्यांसमोर कडा होता, पण सरपणाला जाताना ती वरच्या अंगाची लांबची वाट धरायची. उतारावर एकटीनं नाचणी केली, लोकांच्या खाचरांत लावणीला गेली. सोनालीला किन्हवलीला दिली. पंकज आश्रमशाळेत शिकला आणि पुढं मुरबाडला जाऊन बारावी झाला.

मधल्या काळात डोंगराच्या पोटातून डांबरी रस्ता वर आला. धोंडीच्या जमिनीवर कुणा शहरवाल्यानं हॉटेल उभं केलं. कुठल्याशा वर्तमानपत्रात जिल्ह्यातल्या सूर्यास्त बघायच्या जागांची यादी आली. तानसाची भिंत, माहुलीचा पायथा, माळशेजचं पठार, बारवीचा काठ, आणि त्यांच्याच रांगेत कुसळवाडी. मग शनिवार-रविवारी मोटारींची रीघ लागली. कड्याला लोखंडी कठडा बसला. गिधाडकडा म्हटलेलं कुणाला आवडेना, म्हणून त्याचा 'सनसेट पॉइंट' झाला. पंकजला हॉटेलात नोकरी लागली. पाहुण्यांना फिरवायचं, झाडं-पाखरं दाखवायची, संध्याकाळी पॉइंटवर न्यायचं. बापाचं बोलणं त्याच्यात उतरलं होतं, असं वाडीतली माणसं म्हणायची. बाईजाला ते ऐकून बरं वाटायचं.

तीही रस्त्याच्या वळणावर, ऐनाच्या झाडाखाली टोपली घेऊन बसू लागली. काकड्या, उकडलेली मक्याची कणसं, हंगामात करवंदं. तिथून पुढं शंभर पावलांवर कडा होता. ती शंभर पावलं ती चालत नसे.

सन दोन हजार सातच्या डिसेंबरात एक बाई काकडी घेताना काळा चष्मा टोपलीशी विसरून पुढं गेली. बाईजानं हाका मारल्या, पण वाऱ्यात त्या पोचल्या नाहीत. चष्मा किमती दिसत होता. हरवला तर आळ आपल्यावर येईल, या विचारानं ती उठली आणि चालू लागली. कड्याजवळ वीस-पंचवीस माणसं कठड्याला टेकून उभी होती, आणि त्यांच्यासमोर दगडावर चढून पंकज बोलत होता. घरातल्यासारखं नाही, एकदम पुस्तकी बोलत होता.

"दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. या वाडीत नवशा नावाचा एक गुराखी होता, आणि पाटलाची एक मुलगी होती. तिचं नाव बाईजा. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, पण पाटलाला ते मान्य नव्हतं. एके संध्याकाळी सूर्य टेकला, आणि या इथून, जिथं ताई तुम्ही उभ्या आहात ना, तिथूनच दोघांनी हातात हात घालून उडी घेतली. म्हातारी माणसं सांगतात, त्या दिवसापासून इथला सूर्य इतका लाल दिसतो."

 ज्या बाईला त्यानं ताई म्हटलं, तिनं डोळे पुसले. मग कॅमेरे वर झाले.

बाईजानं चष्मा जवळच्या माणसाच्या हातात दिला आणि मागं फिरली. टोपली कशी उचलली, घरी कशी पोचली, तिला सांगता आलं नसतं.

सकाळी पंकज चुलीपाशी चहा घ्यायला बसला तेव्हा तिनं विचारलं, "तुजा बाबा कसा मेला रे?"

तो चमकला. "आता काय मधीच?"

"सांग."

"पिशवी काढताना."

"मग काल काय सांगत होतास?"

पंकजनं कप खाली ठेवला.  "मॅनेजर म्हनला, पॉइंटला गोष्ट पायजे. सगळ्या पॉइंटना असते. मला सुचलं ते सांगितलं."

"बाबाचंच नाव सुचलं?"

"कागदात काय लिव्हलंय आये? मध. त्याचं नाव मधाखाली गेलं. आता रोज पन्नास मानसं त्याचं नाव ऐकतात. कोन कोन रडतात पन."

हे तिला अनपेक्षित होतं. पोरगं बापाला विसरलं म्हणून ती रात्रभर जळत होती, आणि पोरगं विसरलं नव्हतं. तिनं लाकडं आत सारली. मग म्हणाली, "आनि मला कशाला मारलंस?"

"गोष्ट हाय ती."

"मी जिती हाय. वळनावर बसून काकड्या विकते."

"एकटा मानूस पडून मेला, त्याला कोन थांबून ऐकतो?" पंकज म्हणाला. "मी खरी गोष्ट सांगून बघितली एकदा. सुरुवातीला. त्यातला एक म्हनला, मग फोटो आले का त्या कॅमेऱ्यात? दुसऱ्यांदा सांगायची हिंमत नाय झाली."

 बाईजानं ठरवलं, त्याच्यात हिंमत नसेल तर आपण सांगू.

पुढच्या रविवारी तशी संधी चालून आली. कॉलेजातली पोरं-पोरी कड्यावरून परतताना वळणावर थांबली. एकीनं सहज विचारलं, "मावशी, नाव काय तुमचं?"

"बाईजा."

पोरं एकमेकांकडं बघून हसायला लागली. "सेम नाव," एकजण म्हणाला. "मावशी, मग नवशा कुठाय?" एक पोरगी तिच्या शेजारी उकिडवी बसली, गळ्यात हात टाकला आणि दुसऱ्यानं फोटो काढला.

बाईजा म्हणाली, "नवशा माझा नवरा."

आयुष्यात पहिल्यांदा ते नाव तिच्या तोंडून निघालं.  पण आता थांबायचं नाही म्हणून तिनं सगळं सांगितलं. पाचजण, काळी पिशवी, लाल माती, न आलेली मदत, कागदावरचा अंगठा. पोरी उभ्या राहिल्या. गळ्यातला हात कधीच निघाला होता. एकानं खिशातून नोट काढून टोपलीत ठेवली. तिनं ती त्याला परत दिली.  पोरं वळण ओलांडून गेल्यावर एका पोरीचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. "सगळा मूड घालवला यार."

दोन दिवसांनी पंकज घरी आला तो तोंड पाडून. पाहुण्यांनी हॉटेलात तक्रार केली होती. म्हातारी वाटेत बसून काहीतरी भयंकर सांगते म्हणून.

"मॅनेजर म्हनला, तिला तिथून उठव. मी पाया पडलो त्याच्या. मग म्हनला, बसू दे, पन गप बसू दे." मग म्हणाला, "आये, कोनी नाव विचारलं तर दुसरं सांग. पारू सांग, सकू सांग. कायपन सांग."

 पस्तीस वर्षांत या घरात बाईजाला पुष्कळ काही सोडावं लागलं होतं. नाव सोडायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात ग्रामपंचायत आणि हॉटेल दोघांनी मिळून कड्यावर मोठा पत्र्याचा फलक लावला. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं. पंकजची गोष्ट त्यावर लिहिली होती, तीच, दोनशे वर्षांची. बाईजा धोंडीकडं गेली. धोंडी आता म्हातारा झाला होता, ओटीवर खाटेवर पडून असायचा.

"पाटील, खरं लिवायला सांगा तिथं."

"खरं म्हंजी काय?" धोंडी म्हणाला. "सरकारी कागदात मध हाय. मध लिवायचा का?"

"तुमीच सांगितलं होतं मध लिवायला."

"मी सांगितलं. अंगठा कोनाचा हाय?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यानं ते असं सांगितलं, जसा बाजाराचा वार सांगावा. बाईजा ओटीवरून उतरली. हा एकच प्रश्न ती बारा वर्षं स्वतःला विचारत होती. दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकायची वेळ आज आली होती.

मे महिन्यात सोनाली किन्हवलीहून माहेरी आली. बाईजा तिला घेऊन सकाळच्या वेळी कड्यावर गेली. तेव्हा तिथं कुणी नसतं. सोनालीनं फलक वाचून दाखवला. 

"यात माजं नाव कुठं हाय?" बाईजानं विचारलं.

सोनालीनं बोट ठेवलं. "हे. आनि हे खाली. आनि हे शेवटचं."

"आनि त्यांचं?"

"हे तुज्या नावाच्या आधी. तिन्ही ठिकानी."

बाईजानं आपल्या नावावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. अक्षरांची वळणं नीट ध्यानात येईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेल्या त्या बाईनं उभ्या जन्मात पहिल्यांदा स्वतःचं नाव ओळखायला शिकून घेतलं. सोनालीला वाटलं, आईला वाचायची हौस आली.

सोनाली परत गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बाईजा विळा घेऊन गेली आणि तिन्ही जागी आपलं नाव खरवडून काढलं. नवशाच्या नावाला तिनं धक्का लावला नाही. तो तिथंच मेला होता. त्याचं नाव तिथं असायला तिची हरकत नव्हती.

हॉटेलानं रंगारी बोलावला. नाव परत आलं. बाईजानं परत खरवडलं. आता कुणाचं काम आहे हे सगळ्यांना कळलं होतं. मॅनेजरनं पंकजच्या हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश दिला. "तुझ्या घरचं भांडण आहे, तूच निस्तर."

पंकज कड्यावर आला तेव्हा बाईजा फलकाजवळच्या दगडावर बसली होती.  त्यानं ब्रश बुडवला आणि सावकाश, वळणदार अक्षरात आईचं नाव लिहिलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. त्याचं अक्षर रंगाऱ्यापेक्षा चांगलं होतं. बाईजा प्रत्येक अक्षर बघत होती. आपल्या पोटच्या पोरानं आपल्याला तीन वेळा मेलेल्यांत लिहिलं हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. 

रंग वाळेपर्यंत ती थांबली. मग त्याच्यासमोर उठून विळा चालवायला लागली. पत्र्यावरून विळा करकरत होता. पंकज डबा हातात धरून उभा राहिला. त्यानं तिला अडवलं नाही, आणि पुन्हा लिहिलंही नाही. मॅनेजरला त्यानं काय सांगितलं कोण जाणे. रंग मिळत नाही म्हणाला असेल.

त्यानंतर फलक तसाच राहिला. 'नवशा आणि', पुढं पांढरा पत्रा, मग पुन्हा लाल अक्षरं. पावसाळ्यात पत्र्याच्या त्या जागी गंज धरला.

बाईजा वळणावर बसते. कुणी नाव विचारलं तर बाईजाच सांगते, पण पुढचं काही सांगत नाही. ऐकणाऱ्याला त्या नावाचं आता काही वाटत नाही. घरी दोघं मायलेक एका चुलीवरचं खातात. तो कामावर निघाला की ती भाकरी बांधून देते. कड्याचा विषय दोघं काढत नाहीत.

संध्याकाळी सूर्य टेकायच्या आत टोपली उचलून ती घरी निघते. पाठीमागून कधी कधी वाऱ्याबरोबर पंकजचा आवाज येतो. कुणीतरी फलक वाचून विचारलेलं असतं की मुलीचं नाव का नाही. आणि पंकज सांगत असतो, नवशाच्याबरोबर कोण होती, तिचं नाव आता कुणालाच ठाऊक नाही.